नमुन्याजवळची हवा: ग्लोव्हबॉक्स, टीजीए आणि बेळगावचा पावसाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करणारी एक संशोधक विद्यार्थिनी सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर (धन इलेक्ट्रोडवर) काम करते. तिच्या विभागात आर्गॉनचा ग्लोव्हबॉक्स, म्हणजे आर्गॉन वायूने भरलेली, हातमोज्यांतून आत काम करायची बंद पेटी, आहे आणि त्याचा मीटर ऑक्सिजन व पाणी दोन्ही ०.५ पीपीएमच्या (दहा लाखांत अर्ध्या भागाच्या) खाली दाखवतो. टीजीए, म्हणजे नमुना तापवत त्याचे वजन कसे बदलते ते नोंदणारे यंत्र, मात्र दुसऱ्या खोलीत, उघड्या टेबलावर आहे. नमुना नेताना हवा लागते, आणि पाऊस सुरू झाल्यापासून तिचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. टीजीए सरळ बॉक्समध्ये बसवावा का, आणि चार्ज झालेल्या इलेक्ट्रोडची डीएससी (तापताना नमुना किती उष्णता घेतो किंवा सोडतो याची मोजणी) सुरक्षितपणे कशी करावी, असे तिने विचारले आहे.

आधी उत्तर देतो, थेट तिलाच उद्देशून. डीएससीसाठी यंत्र आत न्यायची गरज नाही. पॅन, म्हणजे नमुन्याची धातूची छोटी डबी, बॉक्समध्ये सील करा, वजन करा आणि बाहेर चालवा. टीजीएसाठी कदाचित गरज पडेल, पण तो निर्णय आज घेऊ नका. नमुना तापत असताना त्याच्याजवळ खरोखर किती ऑक्सिजन आणि पाणी पोहोचते, ते आधी मोजा. पॅनेलवरचा मीटर हे सांगत नाही. त्याच्या सेन्सरपाशी जे आहे तेवढेच तो सांगतो, आणि तो सेन्सर असतो बॉक्समधून फिरणाऱ्या वायूच्या वाटेवर. भट्टीतल्या क्रुसिबलपाशी (नमुना ठेवायच्या मुशीपाशी) काय चालले आहे याची त्याला खबर नसते.

हे मला महागात पडून कळले. काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत आम्ही टीजीए बॉक्सला जोडून बसवला होता. मार्चमध्ये झिर्कोनियमच्या बारीक पावडरीचा आलेख ६०० अंशांपर्यंत जवळपास सपाट आला. जुलैमध्ये त्याच बाटलीतली पावडर त्याच प्रोग्रॅमने तापवली, तर ३५० अंशांनंतर वजन चढू लागले आणि शेवटी वाढ ०.६ टक्क्यांवर गेली. बॉक्सचा मीटर दोन्ही वेळा ०.३ पीपीएम. आम्ही दोन आठवडे त्या वाढीला रसायनशास्त्रीय अर्थ लावत बसलो. नायट्रोजन शोषला असेल, पृष्ठभाग आधीच बदलला असेल, असे सगळे तर्क झाले. कारण सापडले ते सिलिंडरपासून भट्टीपर्यंत पर्ज वायू, म्हणजे नमुन्यावरून सतत वाहता ठेवलेला आर्गॉन, नेणाऱ्या दीड मीटर सिलिकॉनच्या नळीत. सिलिकॉन रबरातून ऑक्सिजन झिरपतो आणि पाण्याची वाफ त्याहून सहज झिरपते. नळीत आर्गॉनचा दाब बाहेरपेक्षा जास्त होता, तरी त्याने हे थांबत नाही. वाफ पाहते ती स्वतःचा आंशिक दाब, म्हणजे वायूच्या एकूण दाबातला फक्त तिचा वाटा, आणि तो बाहेर भरपूर व आत जवळपास शून्य. मार्चच्या कोरड्या हवेत ती नळी खपून गेली, जुलैत उघडी पडली. तिच्या जागी स्टेनलेस स्टीलची नळी घातली, भट्टी तापवत दोन रात्री आर्गॉन सोडला, आणि आलेख पुन्हा मार्चसारखा आला. तुमचे आलेख पाऊस सुरू झाल्यापासूनच बिघडले असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून ही हकीकत आधी सांगितली. आज सगळ्यात आधी नळ्या पाहा. सिलिकॉन कुठेही नको. पीव्हीसी नको. टेफ्लॉनसुद्धा लांबवर नको. धातूची नळी आणि धातूचे जोड असू द्या.

एक पीपीएम ऐकायला नगण्य वाटतो, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. पर्ज मिनिटाला ५० मिलिलिटर असेल तर तासाला ३ लिटर झाले, पाच तासांत १५ लिटर. त्यात १ पीपीएम ऑक्सिजन म्हणजे १५ मायक्रोलिटर, वजनात सुमारे २० मायक्रोग्रॅम. नमुना १० मिलिग्रॅमचा असेल तर ही ०.२ टक्के वाढ झाली, आणि चांगला टीजीए मायक्रोग्रॅम सहज पाहतो. आता सिलिंडरचा विचार करा. त्यावर ९९.९९९ टक्के शुद्ध असे लिहिलेले असते, म्हणजे एकूण अशुद्धी १० पीपीएमपर्यंत चालतात. बॉक्सचा वायू सतत ऑक्सिजन पकडणाऱ्या तांब्याच्या कॅटॅलिस्टमधून आणि पाणी शोषणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हमधून फिरून स्वच्छ होतो, पण भट्टीचा पर्ज थेट सिलिंडरमधून आला तर तो बॉक्सच्या हवेपेक्षा कितीतरी घाण असू शकतो. यंत्र बॉक्समध्ये ठेवूनही पर्ज बाहेरच्या सिलिंडरमधून घेणारे लोक मी पाहिले आहेत. बॉक्सवर केलेला सगळा खर्च तिथे वाया जातो. पर्ज एक तर बॉक्समधलाच घ्या, नाहीतर वाटेत तापवलेल्या टायटॅनियमचा किंवा तांब्याचा गेटर (वायूतला ऑक्सिजन पकडून ठेवणारा भाग) बसवा.

आता मोजायचे कसे, ते सांगतो. पातळ तांब्याची पट्टी एसिटिक आम्लात धुऊन, पुसून, वाळवून घ्या. ज्या क्रुसिबलमध्ये नमुना ठेवता त्यातच ती ठेवा, आणि नेहमीच्या पर्जमध्ये ६०० अंशांवर तीन-चार तास स्थिर धरा. आधी त्याच क्रुसिबलचा रिकामा रन (पट्टीशिवाय तोच तापवण्याचा प्रयोग) करून तो वजा करा. तासाला ३ लिटर पर्जमध्ये दर १ पीपीएम ऑक्सिजनमागे वजन तासाला सुमारे ४ मायक्रोग्रॅमने वाढू शकते. वाढ १२ दिसली तर निदान ३ पीपीएम आहेत असे समजा. निदान अशासाठी, की बराचसा वायू पट्टीला न शिवता बाजूने निघून जातो.

मग पर्ज दुप्पट करून तीच चाचणी पुन्हा करा. तासाला होणारी वाढही जवळपास दुप्पट झाली तर ऑक्सिजन वायूबरोबर येतो आहे, म्हणजे सिलिंडर किंवा गेटर पाहा. वाढ जवळपास तेवढीच राहिली तर कुठेतरी गळती किंवा झिरप आहे, म्हणजे ओ-रिंग, नळी, भट्टीचा सांधा पाहा. इतक्या वर्षांत या एका चाचणीने माझा जेवढा वेळ वाचवला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. तांबे फक्त ऑक्सिजन पकडते, पाणी नाही. पाण्यासाठी पर्ज जिथून बाहेर पडतो तिथे ड्यू-पॉइंट मीटर लावता आला तर पाहा. उणे ७६ अंशांच्या आसपासचा दवबिंदू म्हणजे साधारण १ पीपीएम पाणी.

बॉक्सचे मीटर जे पाहतच नाहीत त्याबद्दलही सांगायला हवे. ते ऑक्सिजन आणि पाणी पाहतात. नायट्रोजन पाहत नाहीत, कार्बन डायऑक्साइडही नाही. ग्लोव्हला सुईएवढे भोक असेल तर आत आलेला ऑक्सिजन कॅटॅलिस्ट खातो, पाणी सिव्ह खाते, आणि नायट्रोजन तसाच साठत राहतो. मीटर ०.१ वर, आणि बॉक्समध्ये नायट्रोजन टक्क्यांत, असे होऊ शकते. सोडियमला त्याचा त्रास नाही, लिथियमला आहे, कारण लिथियम साध्या तापमानालाही नायट्रोजनशी नायट्राइड बनवते. म्हणून लिथियमवाल्यांना मी सांगतो की लिथियमची ताजी कापलेली कड अर्धा तास समोर ठेवा. ती काळवंडली तर मीटर काहीही म्हणो, बॉक्स पूर्ण बदलून आर्गॉनने भरा.

तुमच्या पदार्थाला घोर आहे तो पाण्याचा आणि कार्बन डायऑक्साइडचा. तुमच्या कॅथोडसारखे थरांच्या रचनेचे सोडियम ऑक्साइड दमट हवेत आले की थरांमधला सोडियम पृष्ठभागावर येतो आणि हायड्रॉक्साइड, बायकार्बोनेट, कार्बोनेट बनतात. हवेत आता कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या वर आहे, म्हणजे बॉक्समधल्या अशुद्धीच्या हजारपट. मृग लागला की तुमच्याकडे खानापुरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते आणि गूळ पाघळतो. तीच हवा कॉरिडॉरमध्ये तुमच्या पावडरीला लागते. आलेखात ही खूण ओळखता येते. २०० अंशांच्या आत वजन घटते, त्यात पाणी आणि बायकार्बोनेट फुटून गेलेला वायू असतो. मग बराच वेळ सपाट जाते, आणि त्यानंतर बऱ्याच वरच्या तापमानाला कार्बोनेटची घट येते. पहिल्या उताराला विद्यार्थी सरसकट ‘ओलावा’ म्हणतात आणि पुढे जातात. ओलावा आणि बायकार्बोनेट यांत फरक आहे. ओलावा उडून जातो, बायकार्बोनेट मात्र मागे सोडियम कार्बोनेट सोडतो, आणि तेवढा सोडियम तुमच्या कॅथोडमधून कायमचा गेलेला असतो.

यंत्र कुठे ठेवायचे हे ठरवण्यासाठी मी मुद्दाम हवा लावून पाहायला सांगेन. बॉक्समधून एकाच बॅचचे चार भाग घ्या. एक सीलबंद न्या, बाकीचे उघड्या हवेत १, ५ आणि ३० मिनिटे ठेवा, आणि चौघांचे रन करा. त्या दिवशीची खोलीची आर्द्रता लिहून ठेवा, नाहीतर या चाचणीला अर्थ नाही. एका मिनिटाचा आणि सीलबंद आलेख एकमेकांवर बसले, तर तुमच्या पदार्थाला एवढी वाहतूक सोसते आणि यंत्र आत नेण्याची गरज नाही. एका मिनिटातच फरक पडला तर वाहतुकीची पद्धत बदला. तीही पुरली नाही तरच यंत्र बॉक्समध्ये. माझ्या अनुभवात थरांची सोडियम ऑक्साइडे बहुतेक दुसऱ्या गटात येतात. खरोखर यंत्र आत लागते ते अल्कली धातू, काही हायड्राइड, अल्किल संयुगे आणि पाण्याच्या स्पर्शाने हायड्रोजन सल्फाइड सोडणारी सल्फाइड इलेक्ट्रोलाइट यांना.

वाहतूक अशी करा. ६०० अंशांच्या आतले काम असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे पॅन बॉक्समध्ये झाकणासह दाबून बंद करा. यंत्राच्या ऑटोसॅम्पलरला (नमुने आपोआप उचलून भट्टीत ठेवणाऱ्या भागाला) सुई असेल तर झाकण टोचून पॅन लगेच भट्टीत जाते. सुई नसेल तर झाकणाला ५० मायक्रॉनचे भोक आधीच पाडून त्यावर न तापवता काढता येईल असे आवरण ठेवा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यामुळे ६०० च्या वर जाऊच नका. सेन्सरवर वितळलेले पॅन म्हणजे महिनाभर यंत्र बंद. त्याहून वरचे काम असेल तर झाकणाचे अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे) क्रुसिबल स्क्रूच्या बरणीत ठेवून न्या, पर्ज जोरात चालू असताना भट्टीच्या तोंडाशीच बरणी उघडा, आणि भट्टी बंद केल्यावर तापवण्याआधी निदान अर्धा तास, शक्य असेल तर तासभर, आर्गॉन वाहू द्या. घाई करावीशी वाटते ती इथेच, आणि आलेख बिघडतात तेही बहुतेक इथेच.

क्रुसिबलबद्दल दोन शब्द. आपल्याकडे हिंदाल्कोच्या कारखान्यामुळे अ‍ॅल्युमिना हे नाव सगळ्यांच्या कानावरचे आहे, आणि ती काहीही सोसते असा समज असतो. सोडियमच्या बाबतीत तसे नाही. सोडियम कार्बोनेट ८५१ अंशांना वितळते आणि तापमान चढले की अ‍ॅल्युमिनाशी भिडून अ‍ॅल्युमिनेट बनवते. वितळलेले लिथियम तर त्याआधीच अ‍ॅल्युमिना खाते. ८०० अंशांच्या वरचे काम असेल तर मॅग्नेशियाचे (मॅग्नेशियम ऑक्साइडचे) क्रुसिबल पाहा, आणि प्रत्येक रननंतर रिकाम्या क्रुसिबलचे वजन पहिल्याशी ताडा. दुसरी गोष्ट पाण्याची. उद्यमबागेतल्या (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या) कुठल्याही फाउंड्रीत विचारा, लेडल (वितळलेला धातू ओतायचा मोठा डाव) तापवून कोरडी केल्याशिवाय कोणी तिच्यात धातू घेत नाही, कारण ओल्या लेडलमधून धातू उडतो. क्रुसिबललाही तोच नियम लावा. १००० अंशांना भाजा, गरम असतानाच अँटिचेंबरमध्ये (वस्तू बॉक्सच्या आत-बाहेर नेण्याच्या मधल्या कप्प्यात) घाला आणि रात्रभर व्हॅक्यूमखाली ठेवा.

अँटिचेंबरचा हिशेबही करून ठेवा. दर वेळी १० मिलिबारपर्यंत ओढून आर्गॉन भरला तर तीन फेऱ्यांनी हवेतला २१ टक्के ऑक्सिजन पीपीएमच्या पाव भागावर येतो. पंप थकलेला असेल आणि ५० मिलिबारवर थांबत असेल, तर त्याच तीन फेऱ्यांनंतर ३० पीपीएमहून जास्त उरतात. पण हा हिशेब मोकळ्या वायूचा आहे. टिश्यू पेपर, सिरॅमिक लोकर, अ‍ॅल्युमिना पावडर यांच्या आत अडकलेले पाणी फेऱ्या मोजत नाही, त्याला उष्णता आणि वेळच लागतो. टिश्यूची गड्डी तशीच आत नेली की दोन दिवस पाण्याचा मीटर खाली येत नाही. खर्चाच्या दृष्टीनेही पाहा. ४० सेंटिमीटर व्यासाचे, ६० सेंटिमीटर लांबीचे चेंबर तीनदा भरले की सव्वादोनशे लिटर आर्गॉन जातो, म्हणजे नेहमीच्या ७ घनमीटर सिलिंडरमध्ये जेमतेम तीस फेरे. क्रुसिबलसाठी छोटेच चेंबर वापरा.

समजा चाचण्यांनी सांगितले की टीजीए आतच हवा. तर भट्टी आणि वजनाचा भाग आत, आणि इलेक्ट्रॉनिक्स बाहेर, अशीच मांडणी मागा. आर्गॉन हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतो, त्यामुळे आतले सर्किट जास्त तापतात. शिवाय आर्गॉनमध्ये विजेची ठिणगी हवेपेक्षा कमी व्होल्टेजला पडते. भट्टी थंड करायला पाण्याचा जॅकेट असेल तर मी स्वतः ते बॉक्समध्ये येऊ देत नाही. एक सांधा गळला आणि खाली सोडियम असला तर पुढचे सांगायला नको. हवेने थंड होणारी भट्टी, किंवा खोलगट विहिरीसारखी बॉक्सच्या तळाखाली लटकणारी भट्टी चालते, म्हणजे पाण्याचे जोड बॉक्सच्या बाहेर राहतात.

पर्ज कुठे सोडता यावर तुमच्या कॅटॅलिस्टचे आयुष्य अवलंबून आहे. भट्टीतून निघणारा वायू बॉक्समध्ये सोडू नका. गंधक, हॅलोजन आणि फॉस्फरसची संयुगे तांब्याच्या कॅटॅलिस्टला मारतात, आणि मेलेला कॅटॅलिस्ट रिजनरेशनने (पुन्हा ताजा करण्याच्या प्रक्रियेने) परत येत नाही. वायू भट्टीतून धातूच्या नळीने थेट बाहेर, वाटेत उलटी हवा रोखणारा व्हॉल्व्ह आणि शेवटी तेलाचा बबलर (वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारे भांडे), असा मार्ग ठेवा. कॅल्शियम ऑक्झलेटचा प्रमाण नमुना आत चालवतानाही हाच विचार करा. तो पाणी, मग कार्बन मोनॉक्साइड, मग कार्बन डायऑक्साइड सोडतो. घट १२.३, १९.२ आणि ३०.१ टक्के यायला हवी. यंत्र उष्णताप्रवाहही मोजत असेल तर दुसऱ्या टप्प्याकडे लक्ष द्या. शुद्ध आर्गॉनमध्ये तो उष्णता शोषतो. भट्टीत ऑक्सिजन शिरला असेल तर निघालेला कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळतो आणि तोच टप्पा उष्णता बाहेर टाकताना दिसतो. तांब्याच्या पट्टीचा वेळ नसेल तेव्हा ही खूण उपयोगी पडते.

बॉक्समधला तराजू हाताळायला अवघड असतो. दोन्ही हात ग्लोव्हमध्ये घातले की चार-पाच लिटर जागा व्यापली जाते. हजार लिटरच्या बॉक्समध्ये त्याने दाब चार मिलिबारने हलतो आणि आलेखात पायरी उमटते. रन चालू असताना कोणीही हात घालू नये, बॉक्सचा वायू फिरवणारा ब्लोअर कमीत कमी वेगावर असावा, आणि व्हॅक्यूम पंप त्या टेबलाला टेकलेला नसावा. कोरड्या आर्गॉनमध्ये स्थिर वीजही जोरात असते. पावडर चमच्यावरून उडून ग्लोव्हला चिकटते आणि तुम्ही ठेवलेले ९ मिलिग्रॅम ७ निघतात. आयनायझर (स्थिर वीज घालवणारे उपकरण) आत बसवा, धातूचा चमचा वापरा, आणि क्रुसिबल धातूच्या स्टँडवरच भरा.

उत्प्लावनाचा, म्हणजे वायू वस्तूला थोडे वर उचलून धरतो त्याचा, भाग लोक विसरतात. ०.४ ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिना क्रुसिबलचे आयतन साधारण ०.१ घन सेंटिमीटर. बेळगाव समुद्रसपाटीपासून जवळपास ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब ९२५ मिलिबारच्या आसपास असतो, आणि बॉक्सचा दाब बाहेरच्या दाबावरच बेतलेला असल्याने आतला आर्गॉनही तेवढाच विरळ. त्या हिशेबाने २५ अंशांना आर्गॉन या क्रुसिबलला सुमारे १५० मायक्रोग्रॅमने उचलून धरतो, ६०० अंशांना फक्त ५० ने. म्हणजे काहीही न घडता आलेख १०० मायक्रोग्रॅम चढतो, १० मिलिग्रॅमच्या नमुन्यात पूर्ण १ टक्का. नायट्रोजनमध्ये हीच चढ ७० च्या आसपास येते. म्हणून नायट्रोजनमध्ये घेतलेला रिकामा रन आर्गॉनच्या आलेखातून वजा करू नका. तेच क्रुसिबल, तोच वायू, तोच प्रवाह आणि शक्यतो तोच दिवस.

इथे एक फरक स्पष्ट करतो, कारण पुढे कोणी तुम्हाला किरणोत्सारी नमुन्याबद्दल विचारेल. तुमचा बॉक्स नमुन्याला हवेपासून वाचवतो, म्हणून आत दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त असतो. प्लुटोनियमसारख्या पदार्थाचा बॉक्स माणसाला नमुन्यापासून वाचवतो, म्हणून तिथे दाब उणे ठेवतात, म्हणजे ग्लोव्ह फाटला तर हवा आत जाते, धूळ बाहेर येत नाही. कल्पाक्कमची फास्ट ब्रीडर टेस्ट रिअ‍ॅक्टर १९८५ मध्ये सुरू झाली ती प्लुटोनियम आणि युरेनियमच्या मिश्र कार्बाइड इंधनावर. असे कार्बाइड हवेत पेटही घेते आणि किरणोत्सारीही असते, म्हणजे दोन्ही अडचणी एकत्र. उणे दाबात गळती आत येते, त्यामुळे तिथे वायू शुद्ध ठेवणे आपल्यापेक्षा कितीतरी कठीण असते. दोन्ही प्रकारच्या बॉक्सचे नियम एकमेकांना लावू नयेत.

आता डीएससी. चार्ज झालेला कॅथोड आणि इलेक्ट्रोलाइट एकत्र तापवले की कॅथोडमधून ऑक्सिजन निघतो, द्रावक जळतो आणि पॅनमधला दाब झपाट्याने चढतो. इलेक्ट्रोलाइटमधले डायमिथाइल कार्बोनेट हे द्रावक ९० अंशांनाच उकळते. साधे बंद अ‍ॅल्युमिनियम पॅन अशा वेळी फुगते, फुटते आणि सेन्सरवर फ्लोराइडचे आम्ल सोडते. सोन्याचा मुलामा दिलेले, दाब सोसणारे स्टीलचे पॅनच घ्या. त्यात दोन-तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त घालू नका आणि पॅन तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नका. बॉक्समध्ये सील केल्यावर वजन घ्या, रननंतर पुन्हा घ्या. ०.१ मिलिग्रॅमहून जास्त घटले असेल तर पॅन गळले, आणि त्या आलेखातली उष्णता प्रबंधात लिहायची नाही, आलेख कितीही सुंदर दिसला तरी. पहिला रन मिनिटाला ५ अंशांनी करा. नवा पदार्थ असेल तर १ मिलिग्रॅमपासून सुरुवात करा.

कॅलिब्रेशन त्याच पॅनने आणि त्याच वायूत करा. आर्गॉनची उष्णतावाहकता नायट्रोजनच्या दोन-तृतीयांश आहे, त्यामुळे नायट्रोजनमध्ये लावलेला गुणक आर्गॉनमध्ये चालत नाही. इंडियम १५६.६ अंश आणि ग्रॅमला २८.६ जूल हा आधार तर हवाच. तुमच्याकडे सोडियम धातू आहेच, म्हणून बॉक्समध्ये ताज्या कापलेल्या सोडियमचा छोटा तुकडा सील करून ९७.८ अंशांचे वितळणे आणि ग्रॅमला सुमारे ११३ जूल येतात का पाहा. उष्णता कमी आली तर तुकड्याचा काही भाग आधीच ऑक्साइड झालेला आहे, म्हणजे दोष बॉक्सचा, सीलचा किंवा तुमच्या कापण्याच्या वेगाचा. लिथियमसाठी हीच चाचणी अ‍ॅल्युमिनियम पॅनमध्ये करू नका, ते अ‍ॅल्युमिनियमशी मिश्रधातू बनवते.

शेवटी आगीबद्दल, कारण हे कोणी विचारत नाही. रन संपलेले क्रुसिबल थंड झाले म्हणून निर्धोक झाले असे नाही. न जळालेला सोडियम त्यात उरलेला असू शकतो. बॉक्समध्येच कोरड्या तेलाखाली बुडवा, मग बाहेर फ्यूम हूडमध्ये आयसोप्रोपेनॉलमध्ये हळूहळू निष्प्रभ करा, पाण्यात कधीही नाही. इलेक्ट्रोलाइटमध्ये फ्लोराइडचे क्षार असतील तर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल (फ्लोराइडच्या आम्लाने भाजल्यास लावायचे) हाताशी असू द्या, आणि ते कुठे आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. सोडियम पेटला तर कोरड्या मिठाने, लिथियम पेटले तर ग्रॅफाइट पावडरीने झाका. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर या दोन्हींवर चालत नाही. आणि कॉरिडॉरमध्ये लटकवलेल्या लाल बादलीतली वाळू जूननंतर ओली असते. जळत्या सोडियमवर ओली वाळू टाकणे म्हणजे पाणी टाकणेच आहे. मी मीठ आणि ग्रॅफाइट घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवतो, आणि मेच्या शेवटी मीठ ओव्हनमध्ये भाजून पुन्हा भरतो. पावसाळ्यात वीजही जाते, म्हणून ब्लोअर आणि भट्टीचा कंट्रोलर यूपीएसवर घ्या. अर्ध्या रनमध्ये पर्ज थांबला आणि भट्टी ५०० अंशांवरून थंड होऊ लागली, तर बाहेरची हवा मागे खेचली जाते.

या आठवड्यात नळ्या बदला आणि तांब्याची पट्टी दोन प्रवाहांवर चालवा. मग हवा लावलेल्या चार नमुन्यांचे रन करा. प्रवाह आणि तासाला होणारी वाढ असे दोन रकाने, आणि चारही आलेख त्या दिवशीच्या आर्द्रतेसह मला पाठवा. यंत्र कुठे बसवायचे ते त्यावरून ठरवू.